युनिव्हर्सिटीच्या म्युझियमला चित्र "सप्रेम भेट" द्यायचं का? (नागपूर)

मिलचा_भोंगा

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, चहा घेऊन बसा.

मी नागपूरची, शाळेत चित्रकला शिकवते. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलंय. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांची तयारी करून घेण्यात अर्धं वर्ष जातं आणि उरलेल्या अर्ध्यात रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसला की डायनिंग टेबलावरच पेन-शाईचं काम घेऊन बसते. चार वर्षं झाली एकच विषय धरलाय, एम्प्रेस मिल. आजोबा तिथे स्पिनिंगमध्ये होते. १८७७ ला सुरू झालेली टाटांची मिल, आता त्या जागी मॉल आहे, पोरं तिथं पिक्चर बघायला जातात आणि खाली काय होतं ते कोणाला माहीत नसतं, असो. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, आईकडचे दोन-तीन फोटो, आणि बाकी डोक्यातलं, असं करत करत अकरा चित्रं झालीत.

आता झालं असं की इथल्याच एका विद्यापीठाच्या म्युझियमने (नाव नाही लिहीत) "स्थानिक व विभागीय कलाकारांना प्रोत्साहन" म्हणून उपक्रम काढलाय. दीड महिना प्रदर्शन, विद्यार्थ्यांसाठी दोन वर्कशॉप आणि त्याचं मानधन, कॅटलॉगमध्ये एक पान. एन्ट्री फी नाही. मी फोटो पाठवले, सिलेक्शन झालं, घरात पेढे पण आले. मग दुसरं पत्र आलं. त्यात अगदी खाली एक ओळ, "प्रदर्शित कलाकृतींपैकी संग्रहालय निवडेल ती एक कलाकृती कलाकाराने संग्रहालयास सप्रेम भेट द्यावी व तिचे सर्व हक्क संग्रहालयाकडे राहतील."

आणि त्यांनी निवडलंय सातवं. भोंगा झाल्यावर गेटातून बाहेर पडणारी पाळी. फुल इम्पिरियल कागद, साडेचार महिने लागलेत त्याला. दोनशे बारा माणसं आहेत त्यात, मी मोजलीत, कारण प्रत्येकाचा डबा वेगळा काढलाय. एकाच माणसाचा डबा डाव्या हातात आहे, ते आजोबा. डावखुरे होते.

फ्रेम आपली, नेणं-आणणं आपलं. नवरा म्हणतो देऊन टाक, म्युझियममध्ये लागणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे का. आई म्हणते आजोबांना असं देऊन टाकतं का कोणी. दोघांचंही पटतं म्हणून इथे विचारतेय. असं देतात का? अकरातलं एक गेलं तर सिरीज तुटते ना? आणि नाही म्हटलं तर सिलेक्शन जाईल का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

---

तर्री_जास्त

ताई देऊ नका. विषय संपला.

आता कारण सांगतो. २०१६ ला मी एका शिक्षणसंस्थेला दोन कॅनव्हास दिले होते. शाल, नारळ, सर्टिफिकेट, पेपरात फोटो सगळं झालं. तीन वर्षांनी भाच्याच्या ॲडमिशनसाठी तिथं गेलो तर एक कॅनव्हास ऑफिसात एसीच्या खाली लटकवलेला, एसीचं पाणी गळून गळून खालच्या कोपऱ्यातला रंग पापडासारखा सुटलेला, आणि दुसरा कुठं आहे तर कोणालाच माहीत नाही. शिपाई म्हणे "साहेब बदलून गेले त्यांना विचारा". साहेब चित्र घेऊन गेले का साहेब गेल्यावर चित्र गेलं ते आजपर्यंत समजलं नाही मले.

प्रोत्साहन म्हणजे काय तर कलाकाराने फ्रेम करायची, कलाकाराने रिक्षा करायची, कलाकाराने चित्र द्यायचं आणि कलाकारानेच टाळ्या वाजवायच्या. केटररला म्हणून पाहा न एकदा, की बावा आमच्या कार्यक्रमात जेवण सप्रेम भेट दे.

---

रजिस्टरवाली_मावशी

तर्रीभाऊंचा राग बरोबर आहे पण सल्ला अर्धा आहे. मी पस्तीस वर्षं संग्रहालयांत नोकरी केली, शेवटी नोंदणीचंच काम होतं माझ्याकडे, आता रिटायर होऊन नरेंद्रनगरला नातवंडं सांभाळते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

बेटा, चित्र "म्युझियमला देणं" आणि चित्र "म्युझियमच्या संग्रहात जाणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वस्तू आत आली की तिची नोंदवहीत नोंद होते, तिला परिग्रहण क्रमांक मिळतो, तो क्रमांक वस्तूवर पण टाकतात, कागद असेल तर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने एका कोपऱ्यात. कोणाकडून आली, कधी, कशी आली, विकत का भेट, तेव्हा अवस्था काय होती, आता कुठल्या कपाटात आहे, सगळं त्या नंबराला बांधलेलं असतं. साहेब बदलले, बिल्डिंग बदलली, तरी नंबर राहतो, आणि ऑडिटला वस्तू दाखवावी लागते. तर्रीभाऊंची चित्रं नोंदवहीत गेलीच नाहीत, ती थेट भिंतीवर गेली. भिंतीवर गेलेली वस्तू म्हणजे फर्निचर. आणि फर्निचर कुठे जातं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता युनिव्हर्सिटीचं म्युझियम म्हटलं की आणखी एक भानगड. आपल्याकडे विद्यापीठांतली बरीच म्युझियमं पुरातत्त्वाच्या विभागातून उभी राहिलीत. इतिहास शिकवायचा, पोरांना उत्खननाला न्यायचं, निघालेलं सामान ठेवायला खोली हवी, त्या खोलीचं हळूहळू संग्रहालय. नागपूर विद्यापीठाचंच बघा, १९६९-७० ला पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाबरोबर पवनीला स्तूपाचं उत्खनन केलं, माहुरझरीला बृहदश्मांचं, म्हणजे मोठे दगड रचून केलेल्या जुन्या दफनांचं केलं. या लोकांना वस्तू सांभाळायची शिस्त नाही असं कोणी म्हणू नये, उत्खननातल्या खापराच्या तुकड्यावर पण बारीक शाईने नंबर टाकतात, तुटका मणी सुद्धा पाकिटात चिठ्ठीसकट जातो. पण जिवंत चित्रकार समोर उभा राहिला की यांना काय करायचं ते कळत नाही, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या वस्तूचा कर्ता दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला असतो, तो पत्राला उत्तर मागत नाही! म्हणून ही "सप्रेम भेट" वगैरे भाषा. वाईट हेतू असेलच असं नाही, बहुतेक जुन्या पत्रावरून उतरवलेलं असतं.

तर तू असं कर. फोनवर बोलू नकोस, प्रत्यक्ष जा आणि विचार की दिलेलं चित्र परिग्रहण रजिस्टरमध्ये चढणार का, आणि रजिस्टर बघायला मिळेल का. जो खरोखर नोंद ठेवतो तो आनंदाने दाखवतो. मग विचार प्रदर्शनासाठी उसनवारीचा करार करणार का. दीड महिना सगळी अकरा चित्रं उसनी, येताना-जाताना अवस्था-नोंद फोटोसकट दोघांच्या सहीने, आणि विमा. विमा तुझ्या भिंतीवरून उतरवल्यापासून परत तुझ्या भिंतीवर लागेपर्यंत असायला पाहिजे, फक्त हॉलमधला नको. चित्रं मोडतात ती जिन्यात आणि टेम्पोत, हॉलमध्ये नाही. आणि भेट द्यायचीच झाली तर कुठलं द्यायचं ते तू ठरव, ते नाही.

आणखी एक. पेन-शाईचं कागदावरचं काम आहे ना तुझं? मग त्यांना विचार दिवा किती लक्सचा लावणार, लक्स म्हणजे चित्रावर पडणाऱ्या उजेडाचं माप. कागदाला ५० लक्सच्या वर जाऊ देत नाहीत, आणि काही महिने लावलं की उतरवून अंधारात आराम द्यावा लागतो. "आम्ही कायमचं लावून ठेवू" असं कोणी कौतुकाने म्हणालं तर लगेच नमस्कार करून घरी ये. हा प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर तेही एक उत्तरच समज.

---

तर्री_जास्त

मावशी तुम्ही २०१६ ला कुठं होत्या हो 😄

---

चितारओळीचा

मी बी एक विचारून घेतो, ताईचा धागा आहे पण विषय तोच आहे.

ते पत्रक आमच्याकडे पण आलं होतं, पुतण्याने दाखवलं मोबाईलवर. "स्थानिक कलाकार" वाचून बरं वाटलं. मग फॉर्म उघडला तर कला शाखेची पदवी किंवा पदविका, बायोडाटा, आधीच्या प्रदर्शनांची यादी, आर्टिस्ट स्टेटमेंट. आता आमच्या घरात तीन पिढ्यांपासून मूर्तीचं काम आहे, महाल भागातल्या चितार ओळीत, आजा करे, बाप करे, आता मी करून राहिलो. तणस-सुतळीचा सांगाडा बांधायचा, त्यावर माती चढवायची, वाळली की भेगा बुजवायच्या, मग कापडाची पट्टी, मग रंग, आणि शेवटी डोळे. डोळ्याच्या दिवशी मी सकाळपासून कोणाशी बोलत नाही, हात हलला का महिनाभराची मूर्ती गेली. गणपती झाले का लगेच दुर्गा. माह्या मूर्ती पाहायला हजारो लोक येतात पण त्याले प्रदर्शन म्हणत नाहीत, त्याले मंडप म्हणतात. मग यादीत काय लिहू?

विभागीय कलाकार म्हणजे नेमके कोण बावा? ज्याच्या भिंतीवर डिग्री लटकली तो का ज्याच्या हाताले माती लागली तो? चिडून नाही विचारून राहिलो, खरंच विचारतो. पुतण्या म्हणे काका आपण कारागीर आहोत कलाकार नाही. मले त्या दिवशी रात्रभर झोप नाही आली.

---

रजिस्टरवाली_मावशी

भाऊ, तुमचा प्रश्न ताईच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे.

हा भेद म्युझियमवाल्यांनीच केलाय, आणि म्युझियमवाल्यांनीच तो मोडून पण दाखवलाय. १९८२ ला भोपाळला भारत भवन सुरू झालं. तिथल्या रूपंकर संग्रहालयाचं काम चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांच्याकडे होतं. त्यांनी पोरांच्या टीम गावोगाव पाठवल्या, भिंतीवर कोण चित्र काढतं ते बघायला. मंडल्याकडच्या पाटणगडला जनगड सिंह श्याम सापडला, परधान गोंडाचा तरुण मुलगा, डिग्री नाही, बायोडाटा नाही, घराच्या भिंतीवरचं चित्र एवढंच. त्याला भोपाळला आणलं, कागद दिला, रंग दिले, त्याचं काम शहरातल्या नावाजलेल्या चित्रकारांच्या कामासोबत एकाच संग्रहालयात लागलं. आज "गोंड चित्रकला" म्हणून जी जगभर विकली जाते ती त्याच्यापासून सुरू झाली. पण हेही सांगायला पाहिजे की २००१ साली जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना त्याने आत्महत्या केली, चाळिशीच्या आसपासचा होता. म्युझियमने शोधून काढलं म्हणजे म्युझियम माणसाला सांभाळेलच असं नाही.

गंमत बघा, त्याच मंडल्याकडे जन्मलेले चित्रकार सय्यद हैदर रझा १९३९ ला आपल्या नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आले, चार वर्षं इथे होते, मग मुंबईला जेजेला गेले. एकाला रस्ता नागपूरच्या कॉलेजमधून मिळाला, दुसऱ्याला भोपाळच्या म्युझियममधून. दोघांनाही कोणीतरी दार उघडावं लागलंच.

---

चितारओळीचा

हाव मावशी, समजलं. पण आमच्या कामाची अजून एक गोम आहे. आमचं काम ठेवण्यासाठी नसतेच न. गणपती पाण्यात जाते. मारबतीचं पाहा, म्हणजे रोगराई घेऊन जा म्हणून मिरवतात तो बाईचा पुतळा, पिवळी मारबत, काळी मारबत, दीडशे वर्षं होत आली आता, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी "घेऊन जा गे मारबत" म्हणत सारं गाव मागं जाते आणि शेवटी जाळून टाकतात. बडग्या, म्हणजे सोबतचा पुरुषाचा पुतळा, तर दरवर्षी नवा, यंदा कोणत्या पुढाऱ्याचा करायचा यावर पोरांची आठवडाभर मारामारी. जी गोष्ट जाळण्यासाठी केली ती म्युझियमले कशी भेट देऊ? न जाळता दिली तर ती मारबत राहिली का?

---

रजिस्टरवाली_मावशी

नाही राहिली. म्हणून ती मागायचीच नाही. साचे घ्यायचे, डोळ्याचे ब्रश घ्यायचे, सांगाडा अर्धा असताना, माती चढताना, जळताना असे फोटो घ्यायचे, आणि तुमचा आवाज रेकॉर्ड करायचा. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मात्र टिकतात, ते घेता येतात, जुन्या घरांत माळ्यावर असे नंदी पडलेत की सुतारकाम बघून तोंडात बोट घालाल. विद्यापीठाच्या म्युझियमने हे नाही करायचं तर कोणी करायचं? आमच्या अजब बंगल्याला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाला, १८६३ पासूनचा पसारा सांभाळायचाय, मूर्ती, शस्त्रं, पेंढा भरलेले प्राणी. विद्यापीठाकडे पोरं असतात, पीएचडीवाले असतात, रेकॉर्डर हातात देऊन चितार ओळीत बसवा म्हणावं त्यांना एक सीझन.

---

काळाकोट_सिव्हिललाइन्स

उशिरा आलो, कोर्ट चालू होतं. पहिल्या पोस्टमध्ये एक गोष्ट आहे जिच्यावर कोणी बोट ठेवलं नाही. "तिचे सर्व हक्क संग्रहालयाकडे राहतील."

ताई, चित्र देणं आणि चित्राचा कॉपीराइट देणं वेगळं आहे. कागद दिला म्हणून हक्क जात नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही स्वतःच्या मनाने काढलेल्या चित्राचा कॉपीराइट तुमचा, तुमच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तुमच्या वारसांचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी, सहीनिशी द्यावा लागतो. म्हणजे त्या पत्रावर तुम्ही "मान्य" म्हणून सही केली की घोळ सुरू. उद्या त्यांनी सातव्या चित्राचं कॅलेंडर छापलं, कप छापले, तर तुम्हाला विचारायची गरज नाही, आणि तुम्ही स्वतःच्या पुस्तकात ते छापायचं म्हटलं तर मात्र तुम्हीच परवानगी मागत बसणार. ती ओळ खोडा. त्याऐवजी लिहा की कॅटलॉग, शिकवणं आणि प्रदर्शनाची जाहिरात यासाठी छापायला परवानगी, बाकी सगळं कलाकाराकडे.

दुसरं, हे ज्यांना ऑर्डरवर काम मिळतं त्यांच्यासाठी. कलम १७ मध्ये एक खाच आहे. कोणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक तो गिऱ्हाईक, तुम्ही नाही. बऱ्याच पेंटरना हे माहीतच नसतं. दोन ओळींचा कागद करून ठेवत जा रे बाबांनो.

तर्रीभाऊ, तुमच्या एसीवाल्या चित्रासाठी. कलम ५७ म्हणून आहे, कलाकृतीची मोडतोड करून कलाकाराच्या नावाला धक्का लागत असेल तर हक्क विकल्यावर पण दाद मागता येते. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ ला सरकारने उखडून गोदामात टाकलं, ते कोर्टात गेले, २००५ ला दिल्ली हायकोर्टाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि वर ५ लाख नुकसानभरपाई. पण नुसतं भिंतीवर लावलं नाही किंवा तुमच्या मनासारखं लावलं नाही एवढ्यावर ५७ चालत नाही, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय. कपाटात ठेवलं तर काही करता येत नाही. म्हणून मावशी म्हणतात ते रजिस्टर आधी बघा, कोर्ट फार लांब पडतं. मीच सांगतोय म्हणजे बघा.

---

चौकट_आणि_काच

मी फ्रेमवाला आहे, सीताबर्डीला दुकान, बावीस वर्षं झाली. कायदा-फियदा आपल्याला समजत नाही पण ताई एक विचारतो, शाई कोणती वापरली?

कारण साधी फाउंटन पेनची शाई असेल तर ती डायची, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या रंगाची असते, उन्हात उडते. माझ्याकडे एका डॉक्टरसाहेबांनी वडिलांचं स्केच आणलं होतं, हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलेलं, पाच-सहा उन्हाळ्यांत काळ्याचं चहासारखं झालं होतं. नागपूरचं ऊन आहे ते, मे महिन्यात ४५ च्या वर जातंय, ते कोणाला सोडत नाही. पिगमेंटची, म्हणजे रंगाच्या बारीक कणांची शाई असेल तर काळजी कमी.

आणि फ्रेम करताना काच चित्राला टेकवू नका कोणी कितीही सांगितलं तरी. मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा कापलेला पुठ्ठा पाहिजे, तो ॲसिड-फ्री. साधा माउंट लावला की काही वर्षांत कापलेल्या कडेने पिवळी रेघ उमटते ती जात नाही. पावसाळ्यात काच टेकली असेल तर आत दमट धरतं, कागद काचेला चिकटतो, मग बुरशीचे ठिपके. मागे प्लायवूड ठोकून देतात काही लोक, स्वस्त पडतं म्हणून, ते पण करू नका, लाकडातून पण ॲसिड येतं. चित्र चिकटवायचं तर नाहीच, फेविकॉल पाहिला की माझं डोकं फिरतं. वरून दोन बिजागऱ्यांसारख्या कागदी पट्ट्या लावायच्या, बस, चित्र लोंबतं राहिलं पाहिजे, कागद श्वास घेतो.

अकरा फ्रेमचं बिल होईल बऱ्यापैकी, खोटं नाही सांगत. पण म्युझियमला म्हणा तुमच्याकडे चार-पाच ठरावीक साइजच्या फ्रेम करून ठेवा, मागून उघडणाऱ्या, प्रदर्शन झालं की चित्र काढून कलाकाराला परत, पुढच्या वेळी दुसऱ्याचं. एकदाच खर्च. स्थानिक कलाकाराला सपोर्ट करायचा म्हणजे पहिली फ्रेम हीच असते, अर्ध्या लोकांचं काम फ्रेमच्या पैशापायी घरी पडून राहतं हे मी रोज गल्ल्यावर बसून बघतो.

---

खोआईची_धूळ

फ्रेमवाल्या दादांना शंभर टक्के अनुमोदन. मी नागपूरचीच, शांतिनिकेतनला कलाभवनात शिकले. तिथे कलाभवन घडवणारे चित्रकार नंदलाल बोस यांच्या वाढदिवसाच्या आधीचे दोन दिवस, १ आणि २ डिसेंबरला नंदन मेळा असतो. विद्यार्थी, शिक्षक सगळे आपापलं काम आणून विकतात, मातीची पणती, कार्ड, छापे, अगदी थोड्या पैशांत पण मिळतं, आणि जमलेला पैसा विद्यार्थ्यांच्या मदत-निधीत जातो. कोणी आजारी पडलं, कोणाला अडचण आली की तिथून. सगळेच देतात आणि आपण दिलेलं कुठे जातं ते डोळ्यांनी दिसतं त्यामुळे द्यायला कोणी कुरकुरत नाही. आपल्याकडे पण भेटच हवी तर अशी मागा ना, प्रत्येकाने एक छोटं काम द्या, ते विकू, त्यातून पुढच्या वर्षीच्या फ्रेम.

मिलचा_भोंगा ताई, दोनशे बारा डबे वाचून अंगावर काटा आला. फोटो टाका ना.

---

मिलचा_भोंगा

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते, शाळेत तपासणी होती म्हणून आठवडा गेला.

शाई पिगमेंटची आहे दादा, पहिली दोन चित्रं सोडून. ती दोन साध्या शाईची आहेत आणि तुमचं वाचून लगेच ट्यूबलाइटसमोरून काढून कपाटात ठेवली.

शनिवारी अर्धी शाळा करून म्युझियमला गेले. घाबरतच गेले, खरं सांगते, पर्समध्ये मावशींचे प्रश्न कागदावर लिहून. तिथल्या मॅडम चांगल्या निघाल्या, वयाने माझ्याएवढ्याच, एकट्याच सगळं बघतात, मदतीला एक शिपाई आणि तोही अर्धा वेळ परीक्षा विभागात. रजिस्टरचं विचारलं तर दोन मिनिटं माझ्याकडे बघतच राहिल्या, म्हणाल्या हे आजवर कोणी विचारलं नाही. मग कपाटातून लाल कापडात बांधलेलं जाडजूड रजिस्टर काढलं, उघडताना पानं चिकटलेली. एकेका नाण्याची नोंद आहे हो, वजनासकट, काय सुंदर अक्षर. पण चित्राची एकही नाही. भिंतीवर जी चार-पाच चित्रं आहेत त्यांचं विचारलं तर त्या खाली बघायला लागल्या.

"सर्व हक्क" वाली ओळ कुठून आली तर एका जुन्या स्मृतिचिन्हाच्या पत्रावरून उतरवलेली! मावशी तुम्ही म्हणालात तस्संच. वकीलसाहेबांचं वाक्य मी त्यांना दाखवलं, त्यांनी ते लिहून घेतलं, कमिटीपुढे ठेवते म्हणाल्या. कमिटीचं काय होतं माहीत नाही, पण उसनवारीचा फॉर्म मात्र तिथल्या तिथे करून दिला, पुरातत्त्वाच्या वस्तू दुसरीकडे पाठवायला त्यांच्याकडे होताच, त्यात "मृद्भांड" खोडून "चित्र" लिहिलं. विम्याला बजेट नाही. लक्सचं मीटर विभागात आहे पण सेल संपलेत, ते मी नेऊन देणार आहे 🙂 नेणं-आणणं आपलंच, त्यावर काही हललं नाही.

सातवं देणार नाही हे सांगितलं. सिलेक्शन गेलं नाही. मी तिसरं देतेय, छोटं आहे, नुसता भोंगा आणि वरचा धूर, त्यात माणूस कोणी नाही. आई हो म्हणाली त्याला. मॅडम म्हणाल्या रजिस्टरमध्ये चित्रांसाठी नवं पान उघडावं लागेल, तुमचंच पहिलं.

तर्रीभाऊ, एसीचं पण पाहून आले, त्या हॉलमध्ये एसीच नाही, कूलर आहे. कूलर चित्रांपासून लांब ठेवायला सांगितलाय.

आणि चितारओळीचे दादा, दोनपैकी एक वर्कशॉप मला घ्यायचंय, दुसऱ्याला अजून माणूस नाही. मी तुमचं सांगितलं त्यांना, डिग्रीचं पण बोलले. म्हणाल्या वर्कशॉप घेणाऱ्याला डिग्रीची अट नाही, अट फक्त प्रदर्शनाला आहे, आणि असं का आहे ते त्यांना पण सांगता आलं नाही. पोरांना सांगाडा बांधायला शिकवाल का? मानधन माझ्याएवढंच आहे, आधीच विचारून घेतलं. मेसेज केलाय, बघा.

---

चितारओळीचा

पाहिला ताई. येतो. पण दुर्गा झाल्यावर, आता हात मोकळा नाही. आणि त्याइले सांगा तणस मी आणतो, माती मात्र त्यांनी दोन दिवस आधी भिजवून ठेवा लागते, ऐन वेळी भिजवलेल्या मातीत काहीच होत नाही.

---

चौकट_आणि_काच

ताई तिसरं चित्र मंगळवारी घेऊन या, सोमवारी दुकान बंद असतं. माउंट माझ्याकडून.